बालवर्गाच्या दारात : पालकांशी हितगुज

(संस्थेच्या बालवर्गात या वर्षी दाखल झालेल्या मुलांच्या पालकांपुढे केलेले भाषण)





घरातले सर्वांत धाकटे, सर्वांत लाडके मूल आज आपण आमच्या हाती देत आहात. हायस्कुलात मूल घालताना वडील एकटे येतात, अर्जावर सही करतात आणि परत जातात. बालवर्गात मूल घालताना मात्र आई येते, दादी येते, नानी येते, फुफी येते आणि फाटकाबाहेर रिक्षात आणखी दोघीजणी बसलेल्या असतात. याचा आम्हाला त्रास होत नाही, आनंदच होतो. ज्या मुलाला सोडायला पाच माणसे येतात ते मूल भाग्यवान होय.

बालवर्गाची जबाबदारी संस्थेने माझ्यावर सोपविली तेव्हा काही मित्रांनी थट्टा केली, की बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने आता लहान मुलांची नाके पुसायची का? मी त्यांना माझे कारण सांगितले, ते आपल्यालाही सांगतो. मी आठवी-नववीला शिकवितो. वर्गात प्रश्न विचारला की आपल्या समाजाची कितीतरी मुले मान खाली घालून उभी राहतात. उत्तर त्यांना ठाऊक असते, वहीत लिहिलेलेही असते, परंतु तोंडातून शब्द फुटत नाही. आपले चुकेल, कोणी हसेल, गुरुजी रागावतील, ही भीती कोठून तरी येऊन त्यांच्या गळ्यात बसलेली असते. चौदाव्या वर्षी ती काढणे फार कठीण. ती बसते कोठे, याचा माग काढीत गेलो तर आपण थेट पहिल्या शाळेच्या पहिल्या महिन्यापाशी येऊन थांबतो. म्हणून मी येथे आलो आहे.

आता आपल्याच घरातली एक गोष्ट घेऊ. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्ला करण्याची चाल आपल्याकडे आहे. ही फर्ज नव्हे, रिवाज आहे, हे आपण जाणताच. तरी त्या रिवाजात शहाणपण किती आहे पाहा. मुलाला नवे कपडे घालतात, घरातील बुजुर्ग त्याला जवळ बसवितात, बिस्मिल्ला म्हणवून घेतात, इक्राचे शब्द त्याच्या तोंडून वदवितात आणि लगेच मिठाई वाटतात. मुलाने अडखळत म्हटले तरी मिठाई, अर्धे म्हटले तरी मिठाई. त्या दिवशी त्याची परीक्षा कोणी घेत नाही. विद्येशी मुलाची पहिली ओळख गोड व्हावी, एवढाच त्यात हेतू. मग दुसऱ्या दिवसापासून आपण त्याच मुलाच्या हातात पट्टीच्या धाकाने पेन्सिल का देतो?

रसूलुल्लाह (स.अ.व.) यांचे मुलांशी वागणे आपण मिलादच्या व्याख्यानांतून ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका लहानशा पाखराशी खेळत असे. ते पाखरू मेले. मूल उदास बसले होते. हुजूरांनी त्याला त्याच्या पाखराची चौकशी केली, आणि तीही मोठ्या माणसाला त्याच्या कुनियतीने हाक मारावी तशी हाक मारून. ज्यांच्यावर सबंध उंमतीचा भार होता, त्यांना एका लहान मुलाच्या पाखराची विचारपूस करायला वेळ होता. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचे हदीसमध्ये आले आहे. मागे एखादे मूल रडताना ऐकू आले तर आईच्या जिवाची घालमेल होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. आणि नमाजची ताकीद मुलांना कितव्या वर्षी द्यायला सांगितली आहे? सातव्या. दीनच्या सर्वांत मोठ्या फर्जासाठी जर सात वर्षे थांबायला सांगितले आहे, तर इंग्रजी बाराखडीसाठी आपण तिसऱ्या वर्षी इतके उतावीळ होण्याचे कारण काय?

मी हे विनोदाने म्हणत नाही. मागील वर्षी दिवाळीच्या सुमारास काही पालक माझ्याकडे आले. तक्रार एकच होती : “शेजारचा मुलगा तालुक्याच्या नर्सरीत जातो. त्याला ए पासून झेडपर्यंत लिहिता येते. आमचा अजून माती मळतो आहे. आम्ही फी कशाची भरतो?” प्रश्न रास्त आहे आणि पैसे देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे. त्याचे उत्तर मी आज सर्वांसमोर देतो, म्हणजे या वर्षी दिवाळीत कोणी नाराज होणार नाही; किंवा ज्यांना पटणार नाही ते आजच दुसरा विचार करू शकतील.

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात ही सगळी हाडे तयार झालेली नसतात. काही अजून मऊ कूर्चेच्याच रूपात असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक करून कठीण होत जातात. बोटांचे बारीक स्नायूही खांद्याच्या आणि दंडाच्या स्नायूंनंतर ताब्यात येतात. म्हणूनच लहान मूल सबंध हात फिरवून भिंतीवर मोठी रेघ ओढते. चार रेघांच्या वहीत बारीक अक्षर काढणे त्याला जड जाते. जबरदस्तीने काढायला लावले तर ते पेन्सिल मुठीत आवळून धरते, आणि ती सवय दहावीपर्यंत सुटत नाही. परीक्षेत तीन तास लिहिताना हात दुखतो म्हणणारी मुले मी दरवर्षी पाहतो. आमच्याकडे मूल माती मळते, कागद फाडते, चिंचोके उचलून बाटलीच्या अरुंद तोंडातून आत टाकते, ओला पंचा पिळते, एका लोट्यातले पाणी दुसऱ्यात न सांडता ओतते, तेव्हा ते लिहिण्याचीच तयारी करीत असते. आपल्या मुलांना तर ही तयारी दुप्पट हवी. उर्दू आणि अरबी उजवीकडून लिहायची, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. हा दोन दिशांचा हिशेब पुढे ज्या हाताला सांभाळायचा आहे, तो हात आधी मोकळा आणि मजबूत झाला पाहिजे.

गणिताचेही तसेच. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि पाच मागा. पुष्कळदा ते मूठभर उचलून देते. तोंडाला आकडे पाठ झाले, हाताला संख्या कळलेली नसते. आमच्या बाई खाऊच्या वेळी एका मुलाला उठवून सांगतात, की प्रत्येकाला एकेक ताटली दे. एक मूल, एक ताटली. कोणाला राहिली का? एखादी उरली का? आमचा गणिताचा तास तो हाच. वहीत त्याची खूण उमटत नाही, म्हणून घरी गेल्यावर “आज काय शिकलास?” या प्रश्नाला मूल “काही नाही, खेळलो” असे उत्तर देते. त्यावर कृपा करून रागावू नका.

ही माझी किंवा संस्थेची लहर आहे असे समजू नये. केजी, केजी असे आपण म्हणतो, तो किंडरगार्टन हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ मुलांची बाग असा आहे. फ्रोबेलने जर्मनीत १८३७ साली या कामाला आरंभ केला. आपण त्या बागेचा पुन्हा वर्ग करून टाकला ही गोष्ट निराळी! मारिया माँटेसरी या मूळच्या डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोम शहरात पहिले बालगृह काढले, तेही श्रीमंतांच्या वस्तीत नव्हे तर सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आज माँटेसरी हा शब्द भारी फीच्या शाळांच्या पाटीवर दिसतो, पण त्याचा जन्म मजुरांच्या मुलांत झाला. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा चालविल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार त्यांचा. शिंपले, बिया, पाने, काड्या हेच त्यांचे साहित्य. कोसबाड काय आणि आपला खाडीकाठ काय, शिंपल्यांना तोटा नाही.

आणि आपल्या समाजात हे कोणी केले नाही असेही नाही. डॉ. झाकिर हुसेन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याआधी १९२६ पासून वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी जामिया मिल्लिया चालविली, आणि लहान मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. बर्लिनमध्ये शिकत असताना त्यांची ओळख गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू तरुणीशी झाली होती. जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू होण्याच्या सुमारास त्या दिल्लीला आल्या आणि जामियात लहान मुलांचे काम करू लागल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यांना काही काळ स्थानबद्धही केले. १९४३ साली त्या वारल्या; त्यांची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे. परमुलखातल्या, परधर्माच्या एका बाईने आपल्या मुलांसाठी जन्म वेचला. आपल्या बालवर्गातल्या बाईंना “त्या काय, नुसत्या खेळवितात” असे म्हणण्यापूर्वी आपाजानची आठवण ठेवावी, ही विनंती.

झाकिर हुसेन यांचे नाव निघाले तेव्हा भाषेचा प्रश्न घेतोच. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते, आणि शिक्षण मातृभाषेतून व्हावे हे तिच्या योजनेतील एक मुख्य सूत्र होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया मानून तेथे खेळ आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे. पण आपल्या मुलाची मातृभाषा कोणती? घरात आपण कोकणी बोली बोलतो. मकतबात अरबी. प्राथमिक शाळा उर्दू. बाजारात, एस.टी.त, तहसील कचेरीत मराठी. वडिलांच्या नोकरीचे कागद इंग्रजी. तीन वर्षांच्या जिवाभोवती इतक्या भाषा फिरत असतात, आणि त्यात आपण त्याला सांगतो, की शाळेत गेल्यावर घरच्यासारखे ‘गावठी’ बोलायचे नाही! मग ते मूल बोलणेच सोडून देते.

मागील वर्षी एक मुलगी जूनपासून चार महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी ती अखंड बडबड करते असे तिची आई सांगत होती. बाईंनी तिला छेडले नाही, रोज नावाने हाक मारून जवळ बसविले, एवढेच. एके दिवशी बाईंनी चटईवर शिंपल्यांचा ढीग ओतला आणि निरनिराळे वेगळे करायला सांगितले. सगळ्यांनाच त्या शिंपले म्हणत होत्या. ते बहुधा त्या मुलीला सहन झाले नाही. तिने एकेक उचलून दाखविले, की ही तिसरी, हे कालवाचे, आणि हा तर खुबा! तिच्या घरची माणसे खाडीवर जाणारी. त्या दिवशी ती शिक्षिका झाली आणि बाई विद्यार्थिनी. आज ती इतके बोलते की गप्प कसे करावे हा प्रश्न आहे. तिला उर्दू गाणी येतात, मराठीही येतात. पण दार उघडले ते घरच्या बोलीने. म्हणून आमच्या वर्गात बाई आधी मुलाच्या बोलीत बोलतील. उर्दू आणि मराठी गाण्यांतून, गोष्टींतून येतील. इंग्रजी शब्दही येतील. इंग्रजीशी आमचे भांडण नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच सर्व माध्यमांत इंग्रजी शिकविले जाते आणि ते उत्तम यायलाच हवे. परंतु ज्याला एका भाषेत मन मोकळे करता येते, त्याला दुसरी भाषा शिकविणे आम्हा शिक्षकांना सोपे जाते. ज्याचे तोंडच बंद झाले त्याला काय शिकवावे?

प्रवेशाच्या वेळी आम्ही मुलाची मुलाखत घेतली नाही, याचेही काहींना आश्चर्य वाटले. एका वडिलांनी तर मुलाला फळांची इंग्रजी नावे पाठ करून आणले होते. ती ऐकली नाहीत म्हणून बाप-लेक दोघेही हिरमुसले. पण यशपाल समितीने १९९३ सालीच सांगून ठेवले आहे, की नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, आणि इतक्या लहान मुलांवर लिहिण्या-वाचण्याचे ओझे लादणे ही एक प्रकारची हिंसा होय. आम्हाला मुलाची जन्मतारीख पुरे.

मारण्याविषयी एकदाच बोलतो. “हड्डी हमारी, चमडी आपकी” असे म्हणून मूल उस्तादाच्या स्वाधीन करण्याची आपल्याकडे जुनी रीत. त्यामागे उस्तादाविषयी विश्वास होता, हे मी मानतो. पण आम्हाला चमडीही नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मनाला लागेल असे बोलणे, दोन्हींना बंदी केली आहे. कायदा नसता तरी या वर्गात छडी आली नसती. आपणही घरी “थांब, शाळेत बाईंना सांगते” अशी भीती घालू नका. बाई म्हणजे बागुलबुवा नव्हे.

आता माझ्या भगिनींसाठी चार शब्द. आपल्यापैकी पुष्कळांचे यजमान आखातात आहेत, कोणी कुवेतला, कोणी दुबईला, कोणी सौदीला. घर, सासू-सासरे, बँक, दवाखाना आणि मुले, सगळे आपणच पाहता. तरीही शाळेत आलात की “त्यांना विचारून सांगते” म्हणता. विचारा, अवश्य विचारा. परंतु मुलाला कशाची भीती वाटते, ते रात्री दचकते का, कोणत्या कुशीवर झोपते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही, आणि आम्हाला तेच हवे आहे. आपले शिक्षण चौथीपर्यंतच झाले आहे म्हणून शाळेत यायला संकोचू नका. आठवड्यातून एक दिवस आम्ही एका आईला किंवा दादीला वर्गात गोष्ट सांगायला बोलावणार आहोत. आपल्या बोलीतली पाळण्याची गाणी आता म्हाताऱ्या माणसांजवळच उरली आहेत. ती ऐकवाल तर मुलांबरोबर आमच्या तरुण शिक्षिकाही शिकतील.

परदेशातल्या वडिलांना निरोप द्या, की फोनवर मुलाला “ए बी सी म्हणून दाखव” असे सांगू नका. आज कोणाबरोबर खेळलास, भांडण कोणाशी झाले, असे विचारा. दहा मिनिटे गप्पा होतील. आणि फोनचा विषय निघाला म्हणून सांगतो, मोबाईल समोर धरल्याशिवाय घास न घेणारी मुले आमच्याकडे येत आहेत. डबा खाण्याच्या वेळी ती ताटलीकडे पाहतच नाहीत, समोरच्या भिंतीकडे पाहतात. पहिले काही दिवस ती उपाशी घरी येतील. त्याचा दोष शाळेला देऊ नये.

एक कंटाळवाणी पण महत्त्वाची बाब. मुलाचे नाव. जन्मदाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरे, आणि पासपोर्टवर तिसरे स्पेलिंग, हे आपल्या समाजात घरोघरी आहे. मोहम्मद हे एकच मुबारक नाव इंग्रजीत किती प्रकारांनी लिहिलेले मी हायस्कुलाच्या जनरल रजिस्टरात पाहिले आहे! कोठे आजोबांचे नाव आडनावाच्या जागी, कोठे गावाचे नाव आडनाव म्हणून. दहावीचा दाखला हातात आल्यावर, किंवा परदेशी नोकरीची संधी आल्यावर मग प्रतिज्ञापत्रे, राजपत्र आणि हेलपाटे सुरू होतात. मूल तीन वर्षांचे आहे तोवरच सर्व कागद समोर ठेवा, एक स्पेलिंग ठरवा आणि तेच आम्हाला द्या. कार्यालयातील क्लार्क याकामी मदत करतील.

आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीतूनही मुलाचे नाव काढू नका. १९७५ सालापासून ही योजना चालू आहे. तेथे मुलाचे वजन होते, लसींची नोंद राहते. त्या ताईंकडचे कार्ड आम्हालाही दाखवा.

मकतबाच्या वेळेविषयी जमातीच्या जबाबदार मंडळींशी आमचे बोलणे झाले आहे. सकाळी मकतब, मग शाळा, दुपारी ट्यूशन असा तीन पाळ्यांचा कारखाना तीन-चार वर्षांच्या मुलाकडून चालवून घेऊ नये, यावर एकमत आहे. मकतब आणि शाळा राहतील. ट्यूशन बंद करा. बालवर्गाच्या मुलाला ट्यूशन लावल्याचे कळले तर मी स्वतः घरी येईन, आणि चहा घेतल्याशिवाय उठणार नाही!

फी आणि रिक्षाच्या व्यवस्थेविषयी अध्यक्ष महोदय माझ्यानंतर बोलतील. मी फक्त पहिल्या आठवड्याचे सांगतो. सोमवारी साडेनऊला फाटक उघडेल. पहिले तीन दिवस आईने किंवा दादीने वर्गात बसायचे आहे, चौथ्या दिवशी व्हरांड्यात. निघताना मुलाला सांगून निघा, नजर चुकवून पळू नका. ते रडेल, पण पुढच्या दिवशी आपल्यावर विश्वास ठेवील. मूल न्यायला कोण येणार त्या दोन माणसांची नावे आणि फोटो कार्यालयात द्या. तिसऱ्या माणसाच्या हाती आम्ही मूल देणार नाही, मग ते सख्खे चाचा असले तरी. डब्यात घावन, तांदळाची भाकरी, उकडलेले अंडे, केळे, घरचे काहीही चालेल, पुडीतले नको. पावसाचे दिवस आहेत, एक जादा कपड्यांचा जोड नाव घालून पिशवीत ठेवा. पाटी, पेन्सिल, वही काहीही आणायचे नाही.

आता आपण बाईंबरोबर वर्ग पाहून घ्या. मुले केव्हाची आत जाऊन मातीत बसली आहेत.

खुदा हाफिज.